शेंगा थांबल्या की मूव्हिंग

गणपत, काल वाचनालयाच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. मला पेटी घेऊन बोलावलं होतं. "सुरुवातीला काहीतरी करुण वाजवा इब्राहीमभाई, म्हणजे वातावरण तयार होईल," असं चिटणीस म्हणाले. मी नाही म्हटलं. पेटी मांडीशी ठेवली आणि झाकणसुद्धा उघडलं नाही. आता लोणावळ्याच्या बाजारात कुजबुज चाललीय की जिवलग दोस्तासाठी या माणसाला एक सूर काढवला नाही. चालू दे. ज्यांना वातावरण तयार करून हवं असतं त्यांच्याशी भांडायचं काम तुझं होतं. तू निघून गेलास आणि ते माझ्या गळ्यात मारलंस.

भाषणं झाली. अध्यक्ष म्हणाले, गणपतरावांचं जाणं ही अत्यंत हृदयद्रावक घटना. दुसरे उठले, तेही हृदयद्रावक म्हणाले. तिसऱ्यांनी जरा विचार केल्यासारखं केलं आणि मग हृदयद्रावकच म्हणाले. तुझा जीव कसा कासावीस झाला असता! तू भर सभेत उठून विचारलं असतंस, "नक्की काय झालं तुमच्या हृदयाचं? द्रवलं, हललं, का नुसतं कुणी बोट लावलं?" मग सभेला आलेल्यांनी एकमेकांकडे बघितलं असतं आणि मी तुझा सदरा ओढून तुला खाली बसवलं असतं.

पण त्याचा मला एवढा राग नाही आला. राग आला तो शेवटच्या वक्त्याचा. त्यानं तंबूतली ती गोष्ट सांगितली. आपल्या गणपतरावांनी एका मडमेला इंग्रजी शिकवलं म्हणे, भर खेळात! काय ती हिंमत, काय ते इंग्रजी! लोक हसले, टाळ्या पडल्या. बाहेर पडताना एक जण मला म्हणाला, "फार हृदयस्पर्शी आठवण सांगितली नाही?" त्या आठवणीत ठकूमावशी कुठंच नव्हती. तिचं गाव नव्हतं. सांगणारा त्या दिवशी तंबूत नव्हता, म्हणून त्याला माफ करायचं म्हटलं तरी मला करता येत नाही.

म्हणून लिहितो आहे. तुला सगळं ठाऊक आहे, तरी तुलाच सांगतो. दुसऱ्या कुणाशी मला भांडता येत नाही.

आजच्या पोरांना सांगून खरं वाटत नाही की सिनेमा एके काळी मुका होता आणि त्याला आवाज तुझा होता. बाजाराच्या मागच्या मैदानात शेठचा तंबू. पुढे जमिनीवर बसणारे, मधे बाकं, मागे खुर्च्या. विलायती चित्र असलं की पडद्यावर इंग्रजी अक्षरं यायची, आणि तू पडद्याच्या कडेला वेताची छडी घेऊन उभा राहून ती मराठीत ओरडून सांगायचास. मी खाली पेटी घेऊन बसायचो. तू कार्ल्याच्या शेतकऱ्याचा पोरगा, मॅट्रिकला आपटलेला. मी कल्हईवाल्याचा, शाळेत न टिकलेला. पण दिवे गेले की चारशे माणसांचा जीव आपल्या दोघांच्या हातात असायचा, आणि तू ते फार मनावर घ्यायचास.

तुझं ते शब्दांचं वेड तेव्हाचंच. एका बंगल्याच्या लिलावात तू जाडजूड इंग्रजी शब्दकोश घेतलास आणि घरी तुझ्या वडिलांनी विचारलं, "ह्ये पेरायचं का दळायचं?" विलायतेहून चित्राबरोबर जाहिरातीचे कागद यायचे. त्यावर एका चित्राला टचिंग, दुसऱ्याला मूव्हिंग, तिसऱ्याला स्टरिंग असं छापलेलं असे. शेठ सगळ्यांचं मराठी एकच करायचा, हृदयद्रावक. तू त्याच्याशी तास तास हुज्जत घालायचास. इंग्रजानं एवढे वेगळाले शब्द केलेत ते काय हौस म्हणून, असं तुझं म्हणणं. शेठ म्हणायचा, तिकीट एकच आहे, शब्द कशाला चार?

मग तू तुझी मापं काढलीस. कोशातली नाही, तंबूतली. खेळ चालू असताना तू पडद्याकडे नाही, लोकांकडे बघायचास. बायांनी एका हातानं डोळ्याला पदर लावला आणि दुसऱ्या हातानं शेंगा सोलणं चालूच ठेवलं, की ते टचिंग. शेंगांचा आवाज थांबला की मूव्हिंग. जमिनीवरची मंडळी मांडी मोडून उठली, शिट्ट्या मारल्या, बाहेर पडल्यावर टांगेवाल्याशी भांडायला निघाली, तर ते स्टरिंग. "चहा ढवळल्यावानी," तू म्हणायचास, "जरा येळानं पुन्हा खाली बसतंय." खुर्च्यांतून च्च च्च ऐकू आलं आणि कुणी उशी नीट करून आरामात टेकलं, की पॅथेटिक. जुन्या पुस्तकांत हा चांगला शब्द होता म्हणायचास, खुर्च्यांवाल्यांनी नासवला. आणि पॉइनंट? ते तंबूत दिसतच नाही, असं तुझं मत. दुसऱ्या दिवशी बाजारात भाजी घेता घेता कुणी मधेच थांबून विचारलं, "त्या पोरीचं पुढं काय झालं असंल हो?" तर आदलं चित्र पॉइनंट होतं.

एकदा तू शेठला न विचारता जाहिरातीत छापून आणलंस, 'शेंगा विसरायला लावणारा खेळ'. शेंगा विकणारा शेठचा मेहुणा होता. त्या दिवशी तुला नोकरीवरून काढलं नाही हेच आश्चर्य. आपण नदीकाठी बसून पोट धरधरून हसलो होतो. तुझ्याइतकं मला कुणी हसवलं नाही, गणपत, हेही इथं सांगून टाकतो, कारण पुढे मला चांगलं बोलायला जमणार नाही.

मग ते पुराचं चित्र आलं. विलायतेतलं एक गाव पुरात बुडतं, शेवटी नायक नायिका तराफ्यावर भेटतात, एवढंच. शेठनं जाहिरातीत घातलं, 'पाण्याखाली जाणारं गाव, प्रत्यक्ष पाहा'. आणि कामशेतच्या बाजारात डफ वाजवत खेळाची जाहिरात करणाऱ्यानं आपली अक्कल चालवली. जवळच धरण बांधून तळं केलं त्या वेळी साहेब लोकांनी यंत्रं लावून चित्रं काढली होती हे सगळ्यांना माहीत होतं. यानं ओरडून सांगितलं, आपल्या तळ्याचं चित्र आलंय, बुडालेली गावं पडद्यावर दिसणार. धरणाच्या पाण्यानं उठवलेली माणसं तेव्हा कामशेतच्या, बेडश्याच्या आसपास मिळेल ते काम करून राहत होती. ती निघाली. भाकऱ्या बांधून, म्हातारी माणसं घेऊन निघाली.

तंबूच्या दाराशी तुला ठकूमावशीनं गाठलं. तोंडात दात नव्हते, डोक्यावर पदर घट्ट. मी पेटी लावत होतो, पण मला सगळं ऐकू येत होतं.

"भाऊ, तूच सांगतूस न्हवं पडद्यावरचं?"

"व्हय मावशी."

"आमचं गाव आलं की जरा जोरात सांग. मला लांबचं दिसत न्हाई. देवळाचा कळस दिसला तरी लय झालं."

आत येऊन मला फक्त म्हणालास, "इब्राम, या लोकांना काय सांगू रं?" मी म्हटलं, आधी तिकिटाचे पैसे परत दे म्हणून शेठला सांग. तू शेठकडे गेलास आणि हात हलवत परत आलास. त्या दिवशी खुर्च्यांवर तळ्याच्या कामावरचा एक साहेब आणि त्याची मडम होती. शेठ त्यांच्या सरबराईत होता.

पहिलं रीळ नेहमीसारखं गेलं. दुसऱ्या रिळात पाणी आलं. घरं, पूल, गाई, सगळं वाहायला लागलं आणि पुढे बसलेली माणसं गुडघ्यांवर उठली. पडद्यावर अक्षरं आली. तू ती वाचली नाहीस. मी मान वर करून बघितलं. तू छडी खाली केली होतीस आणि लोकांकडे तोंड करून उभा होतास.

"मावशी, आबा, ऐका," तू म्हणालास, आणि तो तुझा तंबूतला आवाज नव्हता, कार्ल्याच्या बांधावरचा होता. "ह्ये तुमचं गाव न्हाई. सायबाच्या मुलखातलं हाय. तुमच्या गावाचं चित्र हितं न्हाई. तुमाला कुणीतरी खोटं सांगितलं."

कुणी ओरडेल, दगड मारेल असं मला वाटलं. तसं काहीच झालं नाही. एका म्हाताऱ्यानं नुसतं विचारलं, "मग आमचं कुटं बघायचं?"

आणि तू म्हणालास, "तुमीच सांगा. आमी ऐकतो."

गणपत, तू उभ्या आयुष्यात एवढं मोठं दुसरं काही केलं नाहीस. पडद्यावर विलायतेतलं पाणी वाहतंय, मशीनवाला काही न सुचून हँडल फिरवतोय, आणि अंधारात एकेक माणूस बोलायला लागला. आमची विहीर अशी होती, तिला बारा महिने पाणी. आमच्या खळ्याशेजारी चिंच होती. भैरोबाच्या देवळात शिरायला वाकावं लागायचं. शेंगांचा आवाज कधीच थांबला होता. मग ठकूमावशी उठली. तिनं तिच्या घराची वाट सांगायला सुरुवात केली, जशी पाव्हण्याला सांगतात. देवळापासून खाली ये, मग डाव्या हाताला वळ, तितं सुताराचं घर, त्याच्या म्होरं उतार. तिचा आवाज कापायला लागला, आणि माझी बोटं पेटीवर गेली. खालच्या पट्टीतला एकच सूर धरला मी. तिच्या मागून हळूहळू चालत राहावं तसा. तिचा आवाज सावरला. ती चालत चालत घरापर्यंत आली.

"आनि माज्या दारात..." ती म्हणाली.

तेवढ्यात तू वाकून पेटीवर हात ठेवलास. भाता दाबून धरलास. सूर तुटला.

आणि ती थांबली.

"बास का, भाऊ?" तिनं विचारलं. तिला वाटलं वेळ संपली. आपल्या तंबूत पेटी थांबली की रीळ संपायचं, ते बाकीच्यांना बघून तिला कळलं असावं. तू काहीच बोलला नाहीस, मीही नाही. ती पदर सावरून खाली बसली. आणि मागून मडमेचा आवाज आला, "हाउ टचिंग!"

पुढचं मात्र गावाला पाठ आहे. तू खुर्च्यांपर्यंत गेलास. इंग्रजीत म्हणालास, मॅडम, हा तो शब्द नव्हे, दुसरा शोधा. ती बिचारी गोंधळली. "मूव्हिंग?" म्हणाली. तू मान हलवलीस. "सॅड?" तू पुन्हा मान हलवलीस. शाळेत पाढे चुकलेल्या पोरीला उभं करावं तसं तू तिला उभं केलंस. साहेब उठला. शेठ हात जोडत धावला. दिवे लागले. मी बघितलं, तर पुढची जमीन रिकामी होत होती. ती माणसं आपली गाठोडी उचलून कनातीखालून निघून चालली होती. गोरा साहेब उभा राहिला की तिथं थांबायचं नसतं हे त्यांना चांगलं माहीत होतं. तुझी पाठ त्यांच्याकडे होती.

शेठनं तुला तिथल्या तिथं काढलं. मीही पेटी उचलून तुझ्यामागून निघालो. वाटलं, तू खांद्यावर हात ठेवशील. रस्त्यात तू गर्रकन वळलास.

"पेटी कशाला वाजवलीस?"

"तू हात कशाला ठेवलास?"

"ती सांगत व्हती ते खरं व्हतं. तुज्या सुरानं त्याचं पिक्चर झालं. म्हणून त्या मडमेला टचिंग वाटलं."

"मडमेला काय वाटायचं ते वाटो. म्हातारीला आधार होता तो."

"आन नोकरी कशाला सोडलीस? स्टरिंग! नुसतं स्टरिंग! उद्या खाली बसशील."

मी खाली बसलो नाही, गणपत. त्या तंबूत पुन्हा पाऊल टाकलं नाही. भजनाच्या साथी, लग्नं, पेट्यांची दुरुस्ती, कशावरही पोट भरलं. तू मात्र त्याबद्दल शब्द काढला नाहीस. पुढे बोलपट आले आणि तसाही आपला दोघांचा धंदा बसला, पण तू त्याआधीच मुका झालास. व्यापाऱ्यांच्या मुलांना इंग्रजी शिकवलंस, बंगल्यांतल्या माळ्यांचे अर्ज लिहिलेस. चार माणसांपुढे उभा राहून बोलायला तुला कितीदा बोलावलं, एकदाही आला नाहीस. आणि गाव तुझं कौतुक करत राहिलं, मडमेला सुनावणारा गणपतराव! ते ऐकताना तुझा चेहरा कसा व्हायचा ते मी बघत होतो.

तू तिला शोधायला गेला होतास हे मला काशीवहिनीनं सांगितलं, तू नाही. बेडश्याला गेलास, कामशेतला हमालांत विचारलंस. कुणी म्हणालं ती मंडळी घाटाखाली रस्त्याच्या कामावर गेली, कुणी म्हणालं आणखी कुठं. ज्यांचं गावच नाही त्यांचा पत्ता कोण ठेवणार? तू परत आलास आणि माझ्या पेटीदुरुस्तीच्या दुकानात येऊन चहा पीत पॅथेटिक आणि पॉइनंट यातल्या फरकावर बोलत बसलास. मला चीड आली. मी तुला तोंडावर म्हटलं, "मडमेवर ओरडलास तो राग तुझा तुझ्यावरचा होता. म्हातारी तुझ्या हातानं थांबली. एकदा म्हण, चुकलं." तू अर्धा कप तसाच ठेवून उठलास आणि सबंध पावसाळा माझ्या दुकानाची पायरी चढला नाहीस.

परत आलास तो माझी मुलगी गेली तेव्हा. तुला आठवत असेल, घर माणसांनी भरलं होतं आणि जो तो काहीतरी बोलत होता. तू आलास आणि एक शब्द बोलला नाहीस. सरळ आत गेलास, माझ्या बायकोच्या, जैनबच्या पुढ्यातलं तांदळाचं सूप उचललंस आणि दाराशी बसून तांदूळ निवडायला लागलास. शब्दांवरून जगाशी भांडणारा माणूस, तू दिवे लागेपर्यंत खडे काढत होतास. त्या एका दिवसासाठी मी तुझं सगळं सहन केलं. जैनब अजून म्हणते, गणपतभाऊंसारखं समाचाराला कुणी आलं नाही.

पण ते एक वाक्य तू दिलं नाहीस. नंतर आपण तो विषय काढलाच नाही. मी वाट बघत राहिलो आणि तू म्हातारा होत राहिलास. मला माहीत आहे, सुरावरून मी आजही हटायला तयार नाही. तो सूर बरोबर होता. त्याच्यावाचून ती सुताराच्या घरापुढे आलीच नसती. तुझंही खोटं नव्हतं. त्या सुरानं खुर्च्यांची सोय झाली. आपलं दोघांचं खरं आपल्याजवळ राहिलं आणि तिचं घर तिच्याजवळ राहिलं. काल म्हणूनच मी पेटी उघडली नाही. तुझं पटलं म्हणून नव्हे. हॉलमध्ये नुसत्या खुर्च्याच होत्या, आधार देण्यासारखं कुणी नव्हतं.

तू जायच्या आदल्या दिवशी काशीवहिनीनं निरोप धाडला. तुझा आवाज पार बसला होता. चारशे माणसांना पोचणारा तो आवाज, आणि मला तुझ्या तोंडाशी कान न्यावा लागला. मला वाटलं, आता म्हणशील. एवढ्या वर्षांनी का होईना, चुकलं म्हणशील. मी तयारच होतो. मीही म्हणणार होतो की जाऊ दे, झालं गेलं.

तू म्हणालास, "इब्राम, तिच्या दारात काय व्हतं रं?"

मला रडू आवरेना. मी तुझा हात धरला आणि म्हटलं, "तुळस असेल गणपत. आणखी काय असणार?"

तू हात सोडवून घेतलास.

"असंल नको," म्हणालास आणि भिंतीकडे तोंड केलंस.